दोनशे बारा हॅलो

रेवा, निहार,

गेल्या महिन्यात रेवाने तिच्या नव्या यंत्रावर केलेला एक आवाज मला पाठवला आणि तो ऐकल्याबरोबर मी तिला लागोपाठ नऊ वेळा फोन केला. ती वर्गात होती. बाहेर येऊन तिने फोन उचलला तेव्हा ती घाबरलेली होती, आणि सगळं ठीक आहे हे कळल्यावर चिडली. "आज्जी, तो नुसता डिले होता!" असं म्हणाली. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी तुमच्या बाबाने मला हळूच विचारलं, हल्ली झोप नीट लागते का. झोप उत्तम लागते. वयाचाही काही संबंध नाही. ज्याच्याशी संबंध आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुमच्या आजोबांनाही नाही. या वहीत बाकी सगळं क्रमाने लिहीत आले, शाळा, घर, लग्न. हे प्रकरण मात्र दोनदा टाळून पुढे गेले होते. आता मागे येऊन लिहिते.

आमचं घर सोलापूरला भवानी पेठेत होतं. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची माडी आणि मध्ये लाकडी जिना. आजूबाजूला सगळे यंत्रमाग. त्यांचा खडखडाट पहाटे सुरू व्हायचा तो अंधार पडेपर्यंत. आम्ही त्याच्यावरून बोलायला शिकलो होतो, म्हणून मी अजून फोनवर ओरडून बोलते असं तुमची आई म्हणते ते खरं आहे. आठवड्यातून एक दिवस मागांना सुट्टी असायची. त्या दिवशी गल्ली इतकी गप्प व्हायची की शेजारच्या रामक्काच्या बांगड्या ऐकू यायच्या. रामक्का तेलुगू, त्यांच्या घरात सगळे विणकर. मराठी बोलताना प्रत्येक वाक्याला शेवटी एक "की" लावायच्या आणि टोमणा मारल्याशिवाय उंबरा ओलांडायच्या नाहीत.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गिरणीत जॉबर होते, मागांवरच्या कामगारांचे मुकादम. मागांच्या आवाजाने त्यांचे दोन्ही कान गेले होते. आम्ही त्यांच्याशी अर्धं हातांनी बोलायचो. पानात भाकरी हवी का, पाऊस आला का, पाहुणे किती, सगळ्याला खुणा होत्या. आई त्यांना कडक भाकरी वाढताना ती मुद्दाम त्यांच्या हाताजवळ मोडायची, म्हणजे कडकपणा बोटांना तरी कळावा. शेंगांची चटणी घरी उखळातच कुटायची, लाल, तेल सुटलेली. तुम्हाला इथून पाठवते ती विकतची. चांगली असते, पण उखळातली नसते. उखळ आमच्या घरातून का गेलं तेही याच प्रकरणात येईल.

माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा दिगंबर. आम्ही त्याला दादा म्हणायचो, गल्ली दिगू म्हणायची. अप्पांना त्याला गिरणीत चिकटवायचं होतं. दादा त्यांच्यासमोर कधी नाही म्हणाला नाही. आमच्यासमोर मात्र स्वतःच्या कानांना हात लावून म्हणायचा, "हे दोन मला पायजेत. ह्यांच्यावरच पोट हाय माझं." तो लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा. लग्नं, बारशी, सभा. दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर, तीन माईक, सगळं माडीवर. त्याच सुमारास गावात ऑर्केस्ट्रा फार चालू लागले होते आणि प्रत्येक गायकाला आपला आवाज घुमायला हवा होता. एका ऑर्केस्ट्राच्या मालकाने दादाला सांगितलं, "शेवटचा सूर मी सोडला की मी पडद्याआड जाईपर्यंत तो हवेत राहिला पाहिजे. जमत असेल तर अख्खा हंगाम तुझा." दादा त्या दिवशी घरी आला तो जेवलाच नाही. हंगाम मिळाला तर गिरणी टळणार होती. एवढं साधं होतं ते.

त्याने मुंबईच्या जुन्या बाजारातून एक परदेशी स्पूलचा टेपरेकॉर्डर आणला. डोक्यावर घेऊन स्टेशनावरून चालत आला, कारण टांग्यात हादरे बसतील. त्याच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती. दादाचं इंग्रजी तारांवर लिहिलेल्या अक्षरांपुरतं, आणि मी घरातली एकटी इंग्रजी शाळेत जाणारी. तेव्हा रोज शाळेतून आलं की हातपाय धुऊन माडीवर जायचं आणि पुस्तिका वाचून मराठीत सांगायची, हे माझं काम झालं. मला त्याचा गर्व होता. माझ्याहून मोठा, हुशार माणूस माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. मध्येच म्हणायचा, "हळू, बाईसाहेब, आमी भवानी पेठेतले हाय."

रेवा, तू मला व्हिडिओवर तुझं सॅम्पलर दाखवलंस, एक शब्द त्यात भरलास, तो मागोमाग घुमवणारा डिले लावलास आणि फीडबॅकचं बटण फिरवत म्हणालीस, "आता बघ, आज्जी, तो स्वतःलाच परत परत खातो." मला समजलं नसेल असं तुला वाटलं. मला समजलं. दादाने तेच टेपच्या तुकड्यावर केलं होतं. टेपची दोन टोकं तिरपी कापून जोडायची, त्याचा गोल करायचा आणि तो औषधाच्या रिकाम्या बाटलीभोवती ताणून फिरवायचा. यंत्रातलं पहिलं हेड जुना आवाज पुसायचं, दुसरं नवा लिहायचं. तिसरं हेड त्याने एका मोडक्या यंत्रातून काढून वीतभर पुढे लाकडी फळीवर बसवलं होतं. ते लिहिलेलं वाचायचं आणि वाचलेलं पुन्हा लिहायला परत पाठवायचं. वीतभर अंतर कापायला टेपला सव्वा सेकंद लागायचा. म्हणून "हॅलो" म्हटलं की सव्वा सेकंदाने "हॅलो", मग पुन्हा, मग पुन्हा. परत किती पाठवायचं ते एका गोल बटणावर. कमी पाठवलं तर आवाज तीन-चार फेऱ्यांत मरायचा. दादा त्याला विझणं म्हणायचा. जास्त पाठवलं तर प्रत्येक फेरीला चढत चढत किंकाळी व्हायची; ते उधळणं. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी केसाएवढी जागा होती. तिथे आवाज विझत नाही, उधळतही नाही. ते तगणं. ती जागा त्याला सापडत नव्हती.

महिनाभर तो प्रत्येक सुट्टीच्या दिवशी एक भोंगा खिडकीबाहेर तोंड करून ठेवायचा आणि माडीवरून हॅलो म्हणायचा. हॅलो म्हणून झालं की नखाने माईकवर एक टिचकी. टिचकी आखूड असते, तिच्या फेऱ्या स्वच्छ मोजता येतात. मी खाली उंबऱ्यावर पाटी घेऊन बसायची आणि पाच-पाचाच्या रेघा ओढत मोजायची. गल्लीत मजा चालायची.

"अरे दिगू," रामक्का अंगणातून ओरडायच्या, "हॅलोच्या पुढं कधी जाणार की? बायको आणली तर तिला पण हॅलो हॅलोच म्हणणार काय?"

"तुमीच बघा एखादी, रामक्का," वरून भोंग्यातून उत्तर यायचं, "बहिरी असली तरी चालंल!" आणि "चालंल, चालंल, चालंल" सगळ्या गल्लीवर पसरायचं. रामक्का पदर तोंडाला लावून आत जायच्या.

आता जे लिहायचं आहे ते आधी एका संध्याकाळचं. मी पुस्तिकेतलं तिसऱ्या हेडच्या जोडणीचं पान वाचून संपवलं होतं. शाळेच्या वाचनालयातून आणलेली कादंबरी खाली माझी वाट बघत होती. दादा बोटं चोळत म्हणाला, "ह्याच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येत्यात गं जरा. झाकण काढल्यापासनं. पयल्या पानावर काय हाय? ते तू वाचलंच न्हाईस."

पहिलं पान पूर्ण भरलेलं होतं, बारीक टायपात. मी वरून खाली नजर फिरवली.

"काही नाही," मी म्हटलं, "नेहमीचंच. जपून वापरा वगैरे."

"बरं," दादा म्हणाला. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. मी खाली जाऊन कादंबरी उघडली.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी जेवणं झाल्यावर, दादा वर गेला. अप्पा उंबऱ्याशेजारी खाटेवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. आई स्वयंपाकघरात शेंगांची चटणी कुटायला बसली होती. मी पाटी घेऊन माझ्या जागेवर. पहिल्या चार-पाच खेपा नेहमीसारख्याच झाल्या. एकदा सहाला विझला, एकदा नवाला उधळला, दादाने शिवी दिली, तीही घुमली आणि आई आतून ओरडली, "अरे, गल्ली ऐकतीया!" मग जरा वेळ शांतता. मग हॅलो, आणि मागोमाग ठक्.

हॅलो, ठक्. हॅलो, ठक्. मी रेघा ओढू लागले. दहा झाले, वीस झाले. आवाज उतरेना, चढेना. तीसला मी पाटी मांडीवर नीट घेतली. पन्नासला रामक्का दारात आल्या आणि कान देऊन म्हणाल्या, "जमलं वाटतं की तुझ्या भावाला." मी मान डोलावली; बोलले असते तर मोजणी चुकली असती. अप्पांनी सुई थांबवली आणि वर बोट करून, भुवया उंचावून विचारलं, आवाज लागला का? मी अंगठा वर करून दाखवला. अप्पा हसले. गिरणीच्या विरुद्ध जाणाऱ्या त्या यंत्राकडे ते कधी कौतुकाने बघायचे नाहीत, पण त्या वेळी हसले. आत आईला ठेका सापडला होता. हॅलो, ठक् आणि त्यानंतरच्या रिकाम्या जागेत तिचं मुसळ. ती मुद्दाम तसं करत होती. मला दारातून तिची पाठ दिसत होती, डुलत होती. मला आठवतं की मी फार सुखात होते. आयुष्यात ज्या थोड्या वेळा मला वाटलं की आमच्या घराचं आता सगळं चांगलं होणार, त्यातली ती एक वेळ. ते सुख खरं होतं. त्याचं मी काय करायचं हे मला अजून समजलेलं नाही.

शंभराच्या पुढे आवाज झिजायला लागला. टेपवरून पुन्हा पुन्हा लिहिला गेला की आवाजाची धार जाते. आधी "ह" गेला, मग "ल" बोथट झाला. दीडशेला नुसतं "ओ" राहिलं होतं, लांबून कुणी साद घालावी तसं, आणि ठक् चं नुसतं धप् झालं होतं. हेड घाण झालं असणार, ते स्पिरिटने पुसायला हवं, असं मी ठरवलं. पुस्तिकेत तसं होतं आणि ते पान मी वाचलेलं होतं. दादाला स्वतःहून सुचवलं तर तो खूश होईल. तरी दोनशेपर्यंत थांबले, मोठा आकडा सांगता यावा म्हणून. दोनशे बाराला पाटीवर जागा संपली. मी कोनाड्यातून स्पिरिटची बाटली घेतली, कापूस घेतला आणि जिना चढले.

दादा यंत्राशेजारी कुशीवर पडला होता. डाव्या हाताची बोटं यंत्राच्या उघड्या पत्र्याच्या कडेवर, वळलेली. उजव्या हातात माईक तसाच, हात गोधडीवर, माईकचं तोंड खाली. टेपचा गोल बाटलीभोवती फिरत होता आणि खिडकीबाहेर भोंगा दादाच्या आवाजात "ओ" म्हणत होता. मी जे ठक् मोजत होते ती त्याची टिचकी नव्हती. तो पडल्याचा आवाज होता.

मी त्याला हात लावला नाही. हे त्यानेच शिकवलं होतं, अगदी लहानपणी, माझे दोन्ही खांदे धरून: "करंट लागलेल्या माणसाला शिवायचं न्हाय. कोण बी असू दे. मी असलो तरी. आधी मेन पाडायचा." मेन स्विच खाली, अप्पांच्या खाटेच्या वर भिंतीवर. मी जिना उतरले, खाटेवर चढले आणि दांडा खाली ओढला.

वर टेप मंद झाली. दादाचा आवाज एकदा खाली, खर्जात घसरला आणि थांबला.

आईचं मुसळ अर्ध्यावर थांबलं. तिने आतून हाक मारली, "का थांबलास रे, दिगू? चांगलं चाललं हुतं की."

पुढचं मला सलग आठवत नाही आणि जे आठवत नाही ते मी लिहिणार नाही. रामक्कांच्या मोठ्या मुलाने त्याला खाली आणलं. डॉक्टर सायकलवर आले. अप्पा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत फिरत होते. कुणी त्यांना खूण करून सांगेना, कारण त्याला आमच्याकडे खूण नव्हती. शेवटी त्यांनी स्वतःच दादाच्या छातीला कान लावला. त्या कानाला काही ऐकू येत नव्हतं, तरी बराच वेळ तसेच राहिले. डॉक्टर म्हणाले, लगेच समजलं असतं तर कदाचित. सांगता येत नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. पण दोनशे बारा फेऱ्या, प्रत्येकी सव्वा सेकंद, हा गुणाकार मला येत होता. जवळजवळ साडेचार मिनिटं. सगळी गल्ली त्याचा आवाज ऐकत होती म्हणून कुणीच वर गेलं नाही. आणि सगळ्यांत जवळ मी बसले होते.

तेराव्यानंतर मी पुस्तिकेचं पहिलं पान वाचलं. झाकण काढून यंत्र चालवू नये. अर्थिंग जोडल्याशिवाय यंत्र चालवू नये. पत्र्याला स्पर्श झाल्यास झिणझिण्या जाणवल्या तर ताबडतोब बंद करून जाणकाराला दाखवावे. इंग्रजी सोपं होतं, सहावीतल्या मुलीला समजेल इतकं. दादाने ॲम्प्लिफायरची तार नळाच्या पाइपाला बांधून अर्थिंग केलं होतं. टेपरेकॉर्डरचं केलेलं नव्हतं, कारण जोडणीच्या पानावर त्याविषयी काही नव्हतं आणि ज्या पानावर होतं ते मी त्याला वाचून दाखवलं नव्हतं. यंत्राच्या पत्र्यात करंट उतरला होता. एका हातात तो पत्रा, दुसऱ्या हातात ॲम्प्लिफायरमधून नळाच्या पाइपाला जोडलेला माईक. त्याने ती केसाएवढी जागा शोधून बटण सोडलं असेल, समाधानाने हात कडेवर टेकवला असेल.

हे मी आईला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं कधी वाटतं, कधी वाटत नाही. आईने उखळ रामक्कांना देऊन टाकलं आणि पुढे चटणी विकत आणू लागली. अप्पांनी यंत्र भंगारात घातलं. गिरणीत ते आणखी अकरा वर्षं गेले. पुस्तिका मी ठेवली. आता लिहिताना ती माझ्यासमोर आहे. कडा तपकिरी झाल्या आहेत.

तुम्ही सगळे माझी चेष्टा करता. औषधाच्या डबीतला घडीचा कागद मी शेवटपर्यंत वाचते. मिक्सर आणला तर दोन दिवस पुस्तक वाचून मग प्लग लावते. घरातल्या प्रत्येक बटणाखाली माझ्या अक्षरात चिठ्ठी आहे. निहारने लहानपणी पाहुण्यांना सांगितलं होतं, आज्जी साबणाचं पण मॅन्युअल वाचते. मीही हसले होते. ती शिस्त नाही, बाळांनो. मला शिस्त आवडत नाही. मी पंधरा वर्षांची असताना अतिशय गबाळी होते.

आता रेवाच्या आवाजाविषयी. त्यात तिने आपल्याच आवाजात "आज्जी" म्हटलं होतं, एकदाच. पुढे तो शब्द फिरत राहिला, न विझता, न उधळता, आणि हळूहळू त्याची अक्षरं झिजत गेली. शेवटी नुसता "आ" उरला. फार सुंदर जमलं आहे, रेवा. दादाला जे महिनाभरात एकदाच जमलं ते तुला एका बटणावर जमतं. तुझं डबडं फोनच्या चार्जरवर चालतं, त्यात भीतीचं काही नाही, हे मला माहीत आहे. तुझ्या यंत्राचं मॅन्युअल मी इंटरनेटवरून उतरवून घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचलं. सूचना सात आहेत. मराठीत लिहून सोबत पाठवत आहे. वाचून घे, कंटाळा आला तरी.

आणि एक मागणं आहे. मला तो आवाज पुन्हा पाठवलास तर मी पुन्हा फोन करीन, तू वर्गात असलीस तरी. तेव्हा चिडू नकोस. उचल आणि काहीतरी नवीन बोल, आधी न बोललेलं. काय जेवलीस ते सांग. तेवढं ऐकलं की मी ठेवीन.